कंडक्टर काकांची डबल बेल

आमच्या घरमालकांच्या दाराला बेल नव्हती. "हात नायत का लोकायला? वाजवा की दार," असं त्यांचं म्हणणं. पण घरात बेल होती, आणि ती एसटीच्या लाल गाडीतली होती. भंगारवाल्याशी हुज्जत घालून आणलेली. खालच्या हॉलमधून एक दोरी निघायची, खिडकीबाहेर पडून भिंतीवरच्या कड्यांतून वर चढायची आणि वरच्या मजल्यावर चाचांच्या खोलीत घंटेला जाऊन भिडायची. सकाळी चहा झाला की काका खालून ती दोनदा ओढायचे. वर टिंगटिंग. मग चाचा गॅलरीतला रबरी भोंगा दाबून जवाब द्यायचे, पोंऽऽ. इतकं झालं की दिवस सुटला असं धरायचं. समोरच्या बाई तर त्या भोंग्यावरच कुकर चढवायच्या.

काका म्हणजे रिटायर कंडक्टर आणि चाचा म्हणजे रिटायर ड्रायव्हर. जवळजवळ सगळी नोकरी दोघांची एकाच गाडीवर गेली. मग हर्सूलला, तलावाच्या अंगाला, दोघांनी मिळून प्लॉट घेतला आणि घर बांधलं. खाली काका-काकू, वर चाचा. चाची घर बांधायच्या आधीच गेल्या होत्या. मागच्या बाजूला एक खोली काढलेली, तिच्यात भाडेकरू म्हणून मी. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करायचे, म्हणजे नवरदेवाच्या मामाचे फोटोत मिटलेले डोळे उघडून द्यायचे. त्यावरून हिला काँप्युटरमधलं सगळं कळतं असा गल्लीत गवगवा झाला होता. त्या गवगव्यानंच माझा घात केला.

खोली मिळाली तीही गाडीमुळंच. मी मूळची देवगाव रंगारीची, कॉलेजला ह्या दोघांच्याच गाडीनं यायचे. खोली बघायला गेले तर काकांनी दार उघडलं, मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "तू ती नाय का, गाडी हलल्यावर पळत येणारी?"

मी म्हटलं, "व्हय."

"इथं टायमात यायचं," ते म्हणाले आणि बाजूला सरून मला आत घेतलं. भाडं-बिडं सगळं नंतर काकूंनी सांगितलं.

नोकरी सुटली होती, पण काका काही गाडीतून उतरले नव्हते. घरात चालताना त्यांचा एक हात वर असायचा, नसलेल्या दांडीला धरलेला. पाहुणे आले की "पुढं सरका, पुढं सरका, मागं लई जागा हाय." सोफ्याची पुढची जागा महिलांसाठी राखीव. काकूंचा सख्खा भाऊ एकदा चुकून तिथं टेकला, तर त्याला उठवून उभं केलं. तेव्हा घरात बाई म्हणाल तर एकट्या काकू, आणि त्या स्वैपाकघरात पुऱ्या तळत होत्या. तरी ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली आणि भावानं उभ्यानं पुऱ्या खाल्ल्या.

त्यांच्याकडं तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच होता. तो कायम खिशात. लग्नपत्रिका वाचून झाली की भोक. वर्तमानपत्राला भोक, लाइटबिलाला भोक. माझ्या भाडेकराराला त्यांनी इतक्या प्रेमानं भोक पाडलं की त्यातून नेमकी माझी सही गळून पडली. मी ओरडले तर म्हणाले, "आता तुझं तिकीट झालं. कोणी उतरवू शकत नाय तुला."

चाचा ह्याच्या अगदी उलट. बोलायचेच नाहीत. "हौ" आणि "नक्को" एवढ्या भांडवलावर त्यांचा दिवस निघायचा. गॅलरीत गुलाबाच्या कुंड्या, त्यांना पाणी घालायचं, भोंगा पुसून ठेवायचा, झालं. क्लच दाबून दाबून गुडघे गेलेले, त्यामुळं बाहेरचा जिना उतरायचा म्हणजे संकट. मुलगी लासूर स्टेशनला दिलेली, जावयाचं तिथं आडतीचं दुकान. ती दर ईदला म्हणायची, "अब्बा, यहाँच आके रहो ना अब." चाचा म्हणायचे, "नक्को."

मी एकदा काकांना विचारलं, "तुमचं दोघांचं कधी भांडण झालं का हो?"

"कसं होईल?" काका म्हणाले. "त्याचं तोंड पुढं, माझं माणसायकडं. मधी बेल. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिसरं काय बोलायचं कामच पडलं नाय."

घरात मात्र एक बेल कधीच वाजली नव्हती. वाजायची ती डबलच. "उगं ब्रेक मारायला लावू नये माणसाला," काका म्हणायचे, "मागं लोकं पडतात."

तर अशा ह्या सुखाच्या घरात काँप्युटर शिरला. जावयानं चाचांना मोठ्या पडद्याचा काँप्युटर आणून दिला, नातवंडांची तोंडं बघायला. चाचा माऊस दोन्ही हातांनी धरायचे. डावीकडं जायचं असलं की आधी खांद्यावरून मागं बघायचे, मग सगळं अंग डावीकडं टाकायचे. ते कौतुक बघून काकांना राहवेना. त्यांनी जुन्या बाजारातून एक लॅपटॉप उचलला. त्याची बॅटरी मेलेली, वायर काढली की गडी विझायचा. म्हणून दोरीच्या शेजारी स्टुलावर तो कायमचा वस्तीला आला. वायफायचा डबा जिन्यात मधोमध बसवला. त्याला काका 'आगार' म्हणायचे. दसऱ्याला त्याला झेंडूची ओली माळ घातली, लिंबू-मिरची बांधली. माळेचं पाणी आत उतरलं आणि सणभर नेट बंद.

आणि पासवर्ड! तो चाचांना कळवायचा म्हणून काका जिन्यात उभे राहिले आणि स्टॉप पुकारावा तसा एकेक अक्षर पुकारत गेले. त्या दिवसापासून सगळी गल्ली आमच्या वायफायवर. मी म्हटलं, "काका, बदला तो पासवर्ड. आपल्यालाच नेट मिळेना."

"हात दाखवणाऱ्याला सोडून जाऊ? माझ्यानं व्हायचं नाय."

आता मुख्य गोष्ट. काकांच्या जुन्या मोबाइलमध्ये चाचांच्या शेवटच्या फेरीचा व्हिडिओ होता. चाचा रिटायर झाले त्या दिवशी, देवगावहून शहराकडं येताना, काकांनी आपल्या सीटवरून सगळा रस्ता घेतला होता. पुढं त्या मोबाइलचा पडदा फुटला आणि व्हिडिओ आतच अडकला. मी खटपट करून तो काकांच्या लॅपटॉपवर उतरवून दिला. हे चाचांना कळलं तेव्हा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा पूर्ण वाक्य ऐकलं.

"गाडी चलाते वखत मैं कैसा दिखता, मेरेकू देखनेका है," चाचा म्हणाले. "एक बार भी नै देखा."

काका एकदम हळवे झाले. "दाखवतो की, उस्ताद. तुमच्या मोठ्या पडद्यावर धाडतो."

हे 'धाडतो' जे होतं ना, तिथून पुढचं सगळं रामायण.

मी सरळ म्हटलं, "द्या इकडं. पेनड्राइव्हमध्ये टाकते आणि वर नेऊन देते. चहा गाळेपर्यंत होईल."

"पेनड्राइव्ह म्हणजे पार्सल," काका म्हणाले. "आत माणूस बसलाय, पोरी. ड्रायव्हर माणूस. त्याला पार्सलनं धाडू व्हय?"

"मग चाचांना खाली बोलवा."

"त्याचे गुडघे?"

"मग लॅपटॉप वर न्या."

"वायर काढली की मरतो तो."

सगळी उत्तरं तयार. खरं म्हणजे त्यांना नवी लाईन सुरू करायची होती. तळमजला ते वरचा मजला, विनाथांबा. हे शब्द मी नाही जोडले, त्यांचेच आहेत.

बसले मग मी. दोन्ही काँप्युटर एकाच वायफायवर होते, पण एकमेकांना ओळख देईनात. खालच्याला वाटत होतं आपण कुठंतरी बसस्टँडवर परक्या लोकांत बसलोय, म्हणून तो गप्प. नेटवर्क 'सार्वजनिक' होतं ते 'खासगी' केलं. शेअरिंग चालू केलं. वर चाचांच्या काँप्युटरवर सगळ्यांना दिसेल असं एक फोल्डर उघडलं, त्याचं नाव काकांनी ठेवलं 'फलाट'. मग फायरवॉल आडवी आली. तो फाटकावरचा शिपाई असतो, ओळखीच्याला आत सोड म्हणून त्याला सांगावं लागतं, असं मी समजावलं, तर काका म्हणतात, "मी बोलू का त्याच्याशी?" शेवटी गुलाबाचा एक फोटो खालून वर टाकला आणि गेला की हो! टिंगटिंग, पोंऽऽ. काकूंनी आनंदानं शिरा केला.

"आता गाडी सोडतो," काका म्हणाले. "तू वर जा आन् आली का बघ."

मी वर गेले. चाचा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसले होते. घंटा वाजली. फलाटावर व्हिडिओचं नाव उमटलं. उमटलं आणि तिथंच बसलं. उघडायला गेले तर उघडेना. थोड्या वेळानं नावसुद्धा नाहीसं झालं.

मी खाली आले. काका लॅपटॉपपुढं बसलेले. "आली?"

"नाही आली."

"कशी नाय? मी डबल दिली की!"

पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलेलं मला लांबून दिसलं, पण मी पोचेपर्यंत काकांनी फुलीवर दाबून ते घालवलं. "काय लिहिलं होतं, काका?"

"तक्रार."

"कसली तक्रार?"

"प्रवाशायच्या तक्रारी वाचत बसलो तर गाडी कवा हलायची?"

पुढं कित्येक दिवस हेच दळण. मी वायफायचा डबा बंद-चालू केला. काका त्याला गाडी धुणं म्हणायचे. नेट कमी पडत असेल म्हणून दोरीच्या कड्यांतूनच लांबलचक केबल वर चढवली. अँटिव्हायरस बंद करून बघितला. दोन्हीकडचे अपडेट केले. फोटो टाकला की जायचा. व्हिडिओ टाकला की वाटेत मरायचा. मी म्हटलं, "काका, सरा, मीच पाठवून बघते." तर म्हणे, "तिकीट फाडणार मी, बेल देणार मी. तू कोण?" हॉलमधून ते हलायचे नाहीत आणि गाडी सुटायची वेळ झाली की मला हमखास वर पिटाळायचे. "कंडक्टरच्या आड उभं राहू नको. वर जाऊन फलाट बघ." मी वर, गाडी खाली, आणि दर वेळी तेच. माझं तर डोकं फिरायची पाळी आली होती. इकडं स्टुडिओवाला माझ्या नावानं शंख करत होता, कुणाच्या तरी हळदीचे फोटो माझ्याकडं पडून होते.

आणि चाचा रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

एक दिवस घंटा वाजली, नाव उमटलं, नाव गेलं. चाचा गुडघे धरत जिन्याच्या तोंडाशी आले आणि हळूच खाली म्हणाले, "मास्तर, गाडी डेपोसेच नै निकली."

एवढंच. पण कंडक्टरला हे म्हणायचं! काका खालून कडाडले, "निघाली! मी बेल दिली म्हंजे निघाली! आता तुमच्यानंच ती हलत नाय, उस्ताद. झालं तुमचं!"

मी मधल्या पायरीवर उभी होते. वर चाचांनी दार लावून घेतलं, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर काकांनी दोरी ओढली. टिंगटिंग. भोंगा नाही. काकांनी जरा थांबून पुन्हा ओढली. नाही. समोरच्या बाई हातात कुकर घेऊन फाटकाशी आल्या, "आज लावू का नको?"

त्याच आठवड्यात लासूरहून मुलीचा फोन आला, नेहमीसारखाच, "अब्बा, आ जाओ." आणि चाचा म्हणाले, "हौ."

त्या 'हौ'नं घर हादरलं. काकू पदर खोचून काकांवर तुटून पडल्या, "एका पिक्चरपायी सोन्यासारखा माणूस घालवला तुमी! जावा वर, दोन शब्द बोला."

"मी काय बोलू?" काका भिंतीकडं बघत म्हणाले. "ज्याला उतरायचं त्याला उतरू द्यावं." पण त्या दिवसांत ते घरात दोन्ही हात खाली सोडून चालायचे. मला ते बघवेना. त्या दोघांचा असा संताप आला होता मला की काही विचारू नका, आणि वाईटही तेवढंच वाटत होतं. इतकी वर्षं एका गाडीत काढली, आणि शेवटी तुटायचं कशावरून, तर माझ्या हातून न जुळलेल्या दोन काँप्युटरांवरून!

जायच्या दिवशी सकाळीच फाटकात रिक्षा येऊन उभी राहिली. चाचांनी बॅग भरून खोलीच्या मधोमध ठेवली होती. कुंड्या काकूंना द्यायच्या असं ठरलं होतं, त्यातली एक उचलून मी खाली निघाले. काका हॉलमध्येच बसलेले. निरोपाला उठायचं नाव नाही. मला बघितलं तसे म्हणाले, "अजून एकदा सोडून बघतो. जा, वर जाऊन फलाट बघ."

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. मला राग आवरत नव्हता. "माझ्या हातात कुंडी आहे."

आणि म्हणून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, गाडी सुटताना मी हॉलमध्ये होते.

काकांनी व्हिडिओ उचलून फलाटावर सोडला. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकायला लागली. ठीक. मग त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, दोन्ही हातांनी लॅपटॉपचं झाकण धरलं, हळूच खाली आणलं आणि खट्‌ आवाज येईपर्यंत दाबून बंद केलं. झाकण नीट बसलं का ते तळव्यानं चाचपलं. मग दोरी दोनदा ओढली.

"काका!" मी अशी किंचाळले की काकू लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "हे काय केलं?"

"काय केलं?"

"झाकण का लावलं?"

"दार लावलं," काका म्हणाले. आपण काही वेगळं केलं असं त्यांच्या गावीही नव्हतं. "दार उघडं ठेवून गाडी सोडतात व्हय? माणूस पडला म्हंजे?"

"रोज लावत होता?"

"रोज म्हंजे? हर टायमाला! सगळ्या नोकरीत एकदा दार उघडं ठेवून गाडी सोडली नाय मी."

मी कुंडी खाली ठेवली आणि तिथंच फरशीवर बसले. हसावं का रडावं कळेना. "अहो काका, ते दार लावलं की आतला गडी झोपतो! गाडी जागच्या जागी बंद पडते. फोटो छोटा असतो, तो दार लागायच्या आत निसटून जातो. व्हिडिओ मोठा, तो अडकतो."

काका माझ्याकडं बघत राहिले. मग झाकणाकडं. मग वर जिन्याकडं. जिन्यात पावलं वाजत होती. चाचा बॅग घेऊन उतरायला लागले होते, एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी.

"म्हंजे," काका हळू म्हणाले, "उस्तादाची काय चूक नव्हती?"

"नव्हती."

"अन् मी त्याला म्हणलो..."

"व्हय, म्हणला," काकू म्हणाल्या. "आता जावा की बाहेर!"

जन्मभर गाडीभर लोकांशी तोंड चालवलेला माणूस. तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. दारापर्यंत जायला पाय उचलेना. चाचा खालच्या पायऱ्यांवर आले, रिक्षावाल्यानं बॅगेसाठी हात पुढं केला. तेव्हा काकांचा हात आपोआप वर गेला, दोरीला लागला, आणि त्यांनी ती ओढली.

एकदाच.

टिंग.

मी खिडकीतून बघत होते. चाचांचा उजवा पाय पायरीवर खाडकन दाबला गेला आणि ते जागच्या जागी उभे राहिले. अंग थोडं पुढं गेलं, परत मागं आलं. रिक्षावाला म्हणाला, "चलो ना, चाचा."

"रुक," चाचा म्हणाले. "एक बेल हुई."

मग काका बाहेर गेले. मान खाली घालून जिन्याशी उभे राहिले. "उस्ताद, दार मी लावत होतो. गाडी डेपोतूनच निघत नव्हती. तुमी म्हणत होता ते खरं होतं. मी लई वंगाळ बोललो तुमाला."

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. विचार केला. आणि म्हणतात काय, "तो क्या गलत किये, मास्तर? दरवाजा तो लगानाच पडता ना."

"तेच म्हणतो मी!" काका उसळून म्हणाले.

"खुल्ला दरवाजा रखके गाडी कौन छोडता?"

"ह्या पोरीला सांगा!"

घ्या! आता दोघं मिळून माझ्याकडं असे बघायला लागले की जसं काही मीच माणसं पाडायला निघाले होते. मी कपाळाला हात लावला, आत गेले, लॅपटॉप उघडला. झाकण लावल्यावर काय करायचं, असं त्याला एका ठिकाणी सांगता येतं. तिथं 'झोपायचं' असं होतं, ते मी 'काही करायचं नाही' असं केलं. "घ्या, लावा तुमचं दार," मी म्हटलं. "आता झोपायचा नाही."

रिक्षावाल्याला काकूंनी चहा देऊन गुंतवला. चाचा बॅग घेऊन पुन्हा जिना चढले. पायरी-पायरीला थांबत, पण कुरकुर नाही. काकांनी गाडी लावली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, दार लावलं, तळव्यानं चाचपलं. डबल बेल. ह्या वेळी मी वर गेले नाही. आम्ही तिघं दोरीखाली उभे राहिलो. काकूंनी लाटणं छातीशी धरलेलं.

बराच वेळ काहीच नाही. समोरच्या बाई त्यांच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

पोंऽऽ!

काका जे पळाले जिन्यानं, नसलेली दांडी धरायलाही थांबले नाहीत. आम्ही मागोमाग. चाचांच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला होता. पुढं एक जाळी, आणि जाळीमागं एक मान. खाकी कॉलर, कॉलरवर आलेले पांढरे केस, आणि मान. कडेनं रस्त्याचा एवढासा तुकडा दिसत होता, बाभळी मागं जात होत्या, गाडी खडखडत होती. आम्ही वाट बघत राहिलो. गाव आलं, गेलं. घाट आला. मान डावीकडं कलली, उजवीकडं कलली. पुन्हा सरळ झाली.

चाचा पडद्याजवळ सरकले. "मास्तर, इसमें मेरा मुँह किधर है?"

"तोंड कुठून येईल? मी मागं बसायचो."

"पूरा रस्ता गर्दनच निकाली?"

"मला सगळी नोकरी तेवढंच दिसलं, उस्ताद," काका म्हणाले. "तेवढ्याच्या भरवशावर तर डोळे झाकून बसायचो मी."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझंही काही खरं नव्हतं. चाचांचा हात सावकाश मागं गेला आणि त्यांनी स्वतःची मान चाचपली, कॉलरवरचे केस नीट केले.

"बाल कटानेकू बोलना था ना, मास्तर," ते म्हणाले.

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. "चाचाऽऽ! चलना है के नै?"

चाचांनी काकांकडं बघितलं. काकांनी बघितलं खोलीच्या मधोमध ठेवलेल्या बॅगेकडं. एक हात वर नेऊन नसलेली दांडी धरली आणि पायानं ती बॅग सरकवत सरकवत पार कॉटखाली ढकलून दिली.

"वाटंत सामान ठेवू नका, उस्ताद," ते म्हणाले. "चढणाऱ्याला लागतं."